घरातली बंदूक आणि घरातले मूल



वसंत ऋतूत व्याख्याने भरवण्याचा प्रघात न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी १८७५ साली पुण्यात पाडला, त्याला आता दीडशे वर्षे होऊन गेली. एका न्यायाधीशाने सुरू केलेल्या या प्रघातात कायद्याचा विषय परका ठरू नये. तरीही आजच्या विषयाचे नाव ऐकून आपल्यापैकी काहींच्या कपाळाला आठी पडली असेल. संध्याकाळी भाषण ऐकायला आलेल्या सज्जनांना बंदुकीशी काय कर्तव्य, असे मनात येणे साहजिक आहे. ज्यांच्या घरी बंदूक आहे ते थोडे. पण ज्यांचे मूल दुसऱ्याच्या घरी खेळायला जाते ते सगळेच. म्हणून हा विषय थोड्यांचा नाही, सगळ्यांचा आहे.

आपले कामोठे पाहा. भातखाचरांचे आणि खाडीकाठचे हे गाव सिडकोने वसाहतीत आणले. २०१६ च्या ऑक्टोबरात ते पनवेल महानगरपालिकेत गेले. एकीकडे मानसरोवर, दुसरीकडे खांदेश्वर, आणि मध्ये इमारतीला लागून इमारत. दोन खोल्यांत चार-पाच माणसांचा संसार. अशा घरात कपाट एक असते. आणि त्यातच लग्नाचा शालू, घराचे कागद, औषधांचा डबा आणि मुलांची प्रगतिपुस्तके असतात. सैन्यातून निवृत्त होऊन पहारेकऱ्याची नोकरी धरणारा माणूस आपल्यात असतो. जमिनीच्या व्यवहारात उतरल्यावर स्वसंरक्षणासाठी परवाना काढणारा असतो. आणि गावाकडे रानडुकरांपासून आणि माकडांपासून शेत राखायला वडिलांनी घेतलेली एकनळी ज्याच्या वाट्याला आली, असाही कोकणी माणूस असतो. यांपैकी कोणीही गुन्हेगार नाही. परवाना आहे, कागद चोख आहेत. प्रश्न कागदांचा नाहीच. प्रश्न त्या एका कपाटाचा आहे.

दोन घटना सांगतो. दोन्ही २०२४ सालच्या आहेत. १ ऑक्टोबरच्या पहाटे जुहू येथील घरी अभिनेते गोविंदा कोलकात्याला निघण्याच्या तयारीत होते. परवान्याचे रिव्हॉल्व्हर कपाटात ठेवताना ते खाली पडले, गोळी सुटली आणि त्यांच्या गुडघ्याखाली लागली. वर्तमानपत्रांनी चार दिवस ती बातमी चघळली. विनोदही झाले. पण त्या बातमीतले खरे शिक्षण कोणी फारसे घेतले नाही. हत्यार परवान्याचे होते, हात प्रौढ माणसाचा होता, आणि तो हात नेमके योग्य तेच करीत होता, म्हणजे हत्यार कपाटात ठेवीत होता. तरीही गोळी सुटली. मग त्या कपाटापाशी सात वर्षांचे मूल उभे असते तर?

दुसरी घटना त्याआधीची, ३१ जुलैची. बिहारच्या सुपौल जिल्ह्यात बालवर्गातला एक पाच वर्षांचा मुलगा दप्तरात पिस्तूल घालून शाळेत गेला आणि त्याने तिसरीतल्या दहा वर्षांच्या एका मुलावर ते झाडले. गोळी हाताला लागली, म्हणून जीव वाचला. आता या गुन्ह्याचा आरोपी कोण? २०२४ च्याच जुलैपासून लागू झालेली भारतीय न्याय संहिता, तिच्या आधीच्या दंडविधानाप्रमाणेच, सात वर्षांच्या आतील मुलाच्या हातून घडलेली कोणतीही गोष्ट गुन्हा मानीत नाही. कायद्याच्या दृष्टीने ते पोर निर्दोष आहे, आणि ते तसे असावे यातच कायद्याची माणुसकी आहे. पण मूल निर्दोष ठरले की दोष हवेत विरून जात नाही. दप्तरात पिस्तूल येण्यापूर्वी ते घरात कुठेतरी होते. ज्या हातांनी ते तिथे ठेवले, ते हात पाच वर्षांचे नव्हते.

घरोघर उत्तर ठरलेले असते: ‘आम्ही नीट लपवून ठेवले आहे.’ माता-भगिनींना मी काय सांगावे? लाडवांचा डबा फळीवर कितीही उंच ठेवा. पाटावर पाट, त्यावर डबा, त्यावर उशी रचून चिरंजीव तिथे पोहोचतातच. लपवणे आणि सुरक्षित ठेवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. लपवलेली वस्तू शोधणे हा तर मुलांचा आवडता खेळ. गादीखाली, तांदळाच्या पिंपात, देव्हाऱ्यामागे आपण जे ठेवतो, ते आपल्या आधी मुलांना ठाऊक असते. शिवाय दसऱ्याला शस्त्रपूजनाच्या निमित्ताने आपणच बंदूक पाटावर मांडतो, तिला हळदकुंकू वाहतो आणि मुलांना हात जोडायला लावतो. त्या पूजेत गैर काही नाही. पण ज्या वस्तूची जागा वर्षातून एकदा साऱ्या घराला कळते, ती लपवलेली आहे असे मग म्हणता येत नाही.

ज्या देशात हा प्रश्न सर्वांत जास्त पेटला आहे, तिथले एक उदाहरण पाहू. अमेरिकेत व्हर्जिनिया राज्यात न्यूपोर्ट न्यूज नावाचे शहर आहे. ६ जानेवारी २०२३ रोजी तिथे पहिलीतल्या सहा वर्षांच्या मुलाने वर्गातच आपल्या शिक्षिकेवर गोळी झाडली. बाई गंभीर जखमी झाल्या, पण वाचल्या. पिस्तूल मुलाच्या आईचे होते आणि तिने ते विकत घेतलेले होते. कुटुंबाच्या वकिलांचे म्हणणे पडले की पिस्तूल कपाटात उंच फळीवर, चापाला कुलूप लावून ठेवले होते. मुलाने सांगितले ते निराळेच: खणावर पाय देऊन तो वर चढला आणि आईच्या पर्समधून त्याने पिस्तूल काढून घेतले. मुलावर खटला झाला नाही. त्याचा सांभाळ पणजोबांकडे गेला. आईने मुलाच्या हेळसांडीचा गुन्हा कबूल केला आणि २०२३ च्या डिसेंबरात राज्याच्या न्यायालयाने तिला दोन वर्षांची शिक्षा दिली.

इथे शब्द लक्षात घ्या. गुन्ह्याचे नाव ‘हत्याराचा गुन्हा’ असे नव्हते, ‘मुलाची हेळसांड’ असे होते. न्यायालयाने बंदुकीकडे मुलाच्या बाजूने पाहिले. मुलाच्या हाती हत्यार लागू देणाऱ्या मोठ्या माणसाला जबाबदार धरणारा पहिला कायदा फ्लोरिडा राज्याने १९८९ साली केला. पुढे इतर अनेक राज्यांनी तसे कायदे केले. तरीही २०२० साली त्या देशात १ ते १९ वयाच्या मुलांच्या मृत्यूंच्या कारणांत बंदुकीने मोटार-अपघातांनाही मागे टाकून पहिला क्रमांक घेतला. कारण उघड आहे. तिथे बंदूक बाळगणे हा राज्यघटनेने दिलेला हक्क मानला जातो. घरातले हत्यार कुलूपबंद किंवा सुटे करून ठेवा, अशी सक्ती राजधानी वॉशिंग्टनने केली होती. ती तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली रद्द ठरवली. तिकडच्या न्यायाधीशाला मुलाचे रक्षण करताना आधी हक्काची भिंत ओलांडावी लागते.

आपल्याकडे ती भिंत नाही. आपल्याकडे बंदूक हा हक्क नव्हे, परवाना आहे. इंग्रजांनी १८७८ च्या कायद्याने लोकांना निःशस्त्र केले, त्यात राज्यकर्त्यांची भीती होती. स्वतंत्र भारताने १९५९ साली आपला शस्त्र कायदा केला. तो १९६२ पासून अमलात आहे. त्यात भीती नाही, अट आहे. सरकार म्हणते, तुम्हाला गरज असेल तर घ्या, पण आमच्या अटींवर घ्या. एकवीस वर्षांखालील माणसाला शस्त्र बाळगता येत नाही. खेळाच्या व शिक्षणाच्या सरावासाठी काय ती नियमबद्ध सवलत आहे. बापाचा परवाना मुलाला चालत नाही. २०१९ च्या दुरुस्तीने एका माणसाकडे तीनऐवजी दोनच शस्त्रे ठेवण्याची मर्यादा घातली, आणि वरातीत हवेत बार काढून लोकांचा जीव धोक्यात घालणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद सांगितली. २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार तर परवाना मागतानाच शस्त्र सुरक्षित ठेवण्याची हमी लिहून द्यावी लागते. ती हमी म्हणजे अर्जातला एक कागद नव्हे. सरकारला दिलेला तो शब्द आहे.

तेव्हा शस्त्राचा कायदा आहे. आता मुलांचा कायदा पाहू. या प्रांताला तो नवा नाही. मुलांसाठी स्वतंत्र कायदा मुंबई इलाख्याने १९२४ सालीच केला. अनाथ, उनाड किंवा छळलेल्या मुलाला तुरुंगात न टाकता त्याच्या हिताचा विचार वेगळ्या न्यायासनापुढे व्हावा, हे तत्त्व आपल्याकडे शंभर वर्षांचे जुने आहे. १९४८, १९८६, २००० असे टप्पे घेत ते तत्त्व २०१५ च्या बाल न्याय कायद्यापर्यंत आले. या कायद्याने प्रत्येक जिल्ह्यात बाल कल्याण समिती नेमण्यास सांगितले आहे. एक अध्यक्ष आणि चार सदस्य. त्यांत निदान एक स्त्री हवीच. नाव समितीचे असले तरी अधिकार प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांच्या पीठाचे आहेत. सोप्या भाषेत सांगायचे तर हे मुलांचे कोर्ट आहे.

या समितीपुढे मूल कोण आणू शकतो? पोलीस, सरकारी नोकर, समाजसेवक, परिचारिका, डॉक्टर, आणि मूल स्वतःसुद्धा. प्रवासाचा वेळ सोडून चोवीस तासांच्या आत त्याला समितीपुढे न्यायचे असते. पंधरा दिवसांत घरची सामाजिक चौकशी पुरी करायची आणि चार महिन्यांच्या आत अंतिम आदेश देता यावा अशा बेताने सारे चालवायचे, असा दंडक आहे. ‘काळजी आणि संरक्षणाची गरज असलेले बालक’ या व्याख्येत हेळसांड झालेले मूल येते. ज्याला जिवे मारण्याची किंवा इजा करण्याची धमकी दिली गेली आहे आणि ती खरी होण्याचा संभव आहे असे मूल येते. ज्याचे पालक त्याची सुरक्षितता राखण्यास अपात्र ठरले आहेत असेही मूल येते. ‘बंदूक’ हा शब्द त्या व्याख्येत नाही. पण दारूच्या नशेत भरलेले पिस्तूल टेबलावर ठेवून जेवायला बसणारा बाप त्या व्याख्येत बसतो की नाही, हे सांगायला वकील लागत नाही. जाणूनबुजून केलेल्या हेळसांडीला याच कायद्याच्या ७५ व्या कलमात तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपये दंड किंवा दोन्ही, अशी शिक्षाही आहे.

मग अडचण कुठे आहे? अडचण दोन कायद्यांच्या मधल्या फटीत आहे, आणि कामोठ्याच्या माणसाला ती नकाशावर बोट ठेवून दाखवता येते. कामोठे हे रायगड जिल्ह्यात आहे, म्हणून मुलाचे प्रकरण रायगडच्या बाल कल्याण समितीकडे जाणार. पण आपले पोलीस ठाणे नवी मुंबई आयुक्तालयाखाली. म्हणून बंदुकीचा परवाना पोलीस आयुक्तांच्या हाती, आणि त्यांची कचेरी बेलापूरला, ठाणे जिल्ह्यात. मुलाची फाईल एका जिल्ह्यात, बंदुकीची फाईल दुसऱ्या जिल्ह्यात, आणि मूल व बंदूक मात्र एकाच खोलीत! परवाना देणारा अधिकारी विचारतो, अर्जदारावर गुन्हे आहेत काय? मुलांची समिती विचारते, मूल शाळेत जाते काय, त्याला मारहाण होते काय? आपापल्या जागी दोघांचेही प्रश्न बरोबर आहेत. पण ‘या घरात मूल आहे काय, आणि बंदूक कुठे ठेवता?’ हा एक प्रश्न दोन्ही कचेऱ्यांच्या मध्ये पडून राहतो. तो कोणीतरी उचलून दोन्हीकडे पोहोचवला पाहिजे. तो कोणीतरी म्हणजे शेजारी, शिक्षक, डॉक्टर, आजी, मामा, म्हणजेच आपण.

इथे लोकांच्या मनात एक भीती असते आणि ती मी हलकी लेखणार नाही. ‘समितीकडे गेलो तर मूल घरातून उचलून नेतील.’ २०११ साली नॉर्वेमध्ये एका भारतीय दांपत्याची दोन लहान मुले सरकारी खात्याने ताब्यात घेतली. दोन देशांच्या सरकारांत बोलणी होऊन २०१२ मध्ये ती मुले काकांच्या हवाली झाली, तोवर त्या आईवर काय गुजरले ते पुढे सिनेमाच्या पडद्यावरही लोकांनी पाहिले. असे ऐकले की कोणाचेही काळीज हलते आणि मनुष्य म्हणतो, राहू दे ते कोर्ट, आपण घरातच निभावून नेऊ. पण आपल्या कायद्याने हा धोका ओळखला आहे. मुलाच्या संगोपनाची पहिली जबाबदारी कुटुंबाची, आणि संस्थेत ठेवणे हा शेवटचा उपाय, अशी तत्त्वे त्याने आरंभीच तिसऱ्या कलमात घातली आहेत. समिती मुलाला आईवडिलांकडेच ठेवून वर देखरेख नेमू शकते. आजीकडे, मामाकडे किंवा दुसऱ्या योग्य व्यक्तीकडे देऊ शकते. पालकांना समुपदेशनाला पाठवू शकते. मुलाच्या रक्षणासाठी संबंधितांना निर्देश देऊ शकते.

आणि इथेच मला आज जे सांगायचे आहे ते येते. बंदुकीमुळे मूल धोक्यात असेल, तर घराबाहेर आधी कोणी जायचे? मुलाने की बंदुकीने? बंदुकीला आई लागत नाही, शाळा लागत नाही, रात्री तिला भीती वाटत नाही. ठाण्याच्या शस्त्रागारात ती वर्षभर राहिली तरी तिचे काही बिघडत नाही. मूल मात्र महिनाभर परक्या छपराखाली राहिले तर त्याचे बिघडते. म्हणून प्रत्येक अशा प्रकरणात पहिला हुकूम बंदुकीवर सुटला पाहिजे आणि मुलाला हलवण्याचा विचार शेवटी झाला पाहिजे.

‘हे कायद्यात बसेल काय?’ बसेल, आणि एका वाटेने नव्हे, दोन वाटांनी बसेल. पहिली वाट शस्त्र कायद्याचीच. परवानाधारक कोणत्याही कारणाने अपात्र ठरत असेल किंवा सार्वजनिक सुरक्षिततेसाठी जरूर वाटत असेल, तर परवाना देणारा अधिकारी तो तहकूब किंवा रद्द करू शकतो. कारणे त्याला लेखी नोंदवावी लागतात आणि त्यावर अपील करता येते. बाल कल्याण समितीला स्वतः परवाना रद्द करण्याचा अधिकार नाही. परंतु आपल्यापुढे आलेल्या चौकशीचा निष्कर्ष त्या अधिकाऱ्याला कळवण्यास तिला कोणताही कायदा आडवा येत नाही. ज्या समितीच्या हाती न्यायदंडाधिकाऱ्यांचे अधिकार आहेत तिचे पत्र रद्दीत पडणार नाही.

दुसरी वाट घरगुती हिंसाचाराच्या कायद्याची, आणि ती फार थोड्यांना ठाऊक आहे. हा कायदा २००५ चा; २००६ च्या ऑक्टोबरात तो लागू झाला. नवरा बंदूक दाखवून बायकोला धमकावतो, मुले दाराआडून पाहतात, असा प्रसंग असेल तर ती स्त्री न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करू शकते. तेच न्यायासन तिला संरक्षणाचा आदेश देऊ शकते आणि मुलांचा तात्पुरता ताबाही देऊ शकते. या कायद्याखालच्या २००६ च्या नियमांत संरक्षण अधिकाऱ्याच्या कामांच्या यादीत एक काम स्पष्ट लिहिले आहे: हिंसाचारात वापरलेले हत्यार, लागल्यास पोलिसांची मदत घेऊन, जप्त करणे. म्हणजे मूल आणि हत्यार या दोन्ही गोष्टी एकाच टेबलावर येतात असे न्यायासन आपल्याकडे आहे. अर्ज करणाऱ्या भगिनीने आणि तिच्या वकिलाने अर्जात हत्याराचा उल्लेख मात्र केला पाहिजे. ‘नवरा त्रास देतो’ एवढेच लिहिले तर कोर्टाला ती बंदूक दिसणार कशी?

आता एक साधा मुद्दा मांडतो. निवडणूक लागली की आपल्याकडे काय होते? परवान्याची शस्त्रे ठाण्यात जमा करण्याचे हुकूम सुटतात. कोकणात आणि गोव्यात शेतकरी कुरकुरतात, कारण डुकरे काही आचारसंहिता पाळीत नाहीत! गोव्यातील अशाच एका प्रकरणात २००९ साली मुंबई उच्च न्यायालयाने सरसकट सगळ्यांची शस्त्रे काढून घेण्यावर बोट ठेवले, आणि माणसागणिक छाननी करून ठरवा असे बजावले. त्यानंतर निवडणूक आयोगाने जिल्हा पातळीवर छाननी समित्यांची पद्धत घालून दिली. बीड जिल्ह्यात मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांची ९ डिसेंबर २०२४ रोजी हत्या झाल्यावर त्या जिल्ह्यात हजाराहून अधिक शस्त्रपरवाने असल्याचे उघड झाले. मग फेरतपासणी झाली आणि अनेक परवाने रद्द करण्यात आले. याचा अर्थ एवढाच की शस्त्र मोजणे, धारकाची छाननी करणे, पावती देऊन शस्त्र जमा करून घेणे आणि परत देणे, ही सारी यंत्रणा सरकारजवळ तयार आहे. ती महिना-दीड महिना मतपेटीसाठी चालते. मग घरातल्या लेकरासाठी का चालू नये? मताला आपण पवित्र मानतो, आणि ते योग्यच आहे. पण उद्याचा मतदार आज पाळण्यात आहे, याचे विस्मरण होऊ नये.

यावर आक्षेप येतील. शेतकरी म्हणेल, माझी एकनळी नेलीत तर माझी नाचणी कोण राखणार? त्याला माझे उत्तर गोव्याच्याच निकालातले आहे: सरसकट काही करू नये. ज्याने हत्यार रिकामे करून कुलपात ठेवले आहे, त्याच्या दारी जाण्याचे कारणच नाही. दुसरा म्हणेल, भाऊबंदकीत एकमेकांवर खोटे अर्ज होतील. होतील; आपला स्वभाव आपल्याला ठाऊक आहे. पण म्हणूनच लेखी कारणे आहेत, अपील आहे, सामाजिक चौकशी आहे. खोटा अर्ज आला तर बंदूक थोडे दिवस ठाण्यात राहून परत येईल. खऱ्या अर्जाकडे दुर्लक्ष झाले तर जे जाईल ते परत येणार नाही. या दोन चुका एका मापाच्या नाहीत. तिसरा म्हणेल, हा घरचा मामला आहे. बायकोला मारणे हाही एके काळी घरचाच मामला होता!

मी बंदुकीचा वैरी नाही. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये रायफलच्या नेमबाजीत कांस्यपदक मिळवले तेव्हा आपण सर्वांनी पेढे वाटले. नेमबाजीच्या मैदानावर लहान मुलेही रायफल हाती घेतात. पण तिथे शिक्षक असतो, काडतूस मोजून मिळते, हुकूम झाल्याशिवाय बोट चापावर जात नाही, आणि खेळ संपला की हत्यार कुलपात जाते. शिस्त मैदानावर पाळायची आणि घरी सोडून द्यायची, हे कुठले शहाणपण?

तेव्हा करायचे काय? ज्यांच्या घरी शस्त्र आहे त्यांनी चार गोष्टी पाळाव्यात. घरात पाऊल टाकताच हत्यार रिकामे करावे आणि ते रिकामे झाले आहे हे डोळ्यांनी पाहावे. हत्यार एका कुलपात आणि काडतुसे दुसऱ्या कुलपात ठेवावीत. किल्ली खिळ्याला न टांगता स्वतःच्या अंगावर बाळगावी. आणि ज्या काळात घरात दारू, भांडण किंवा कोणाच्या मनाचा तोल गेलेला असेल, त्या काळापुरते हत्यार आपण होऊन ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावे. वडील गेल्यावर त्यांची बंदूक आठवण म्हणून माळ्यावर राहू देऊ नये. परवाना वडिलांबरोबर संपतो. वारसाने ते शस्त्र विनाविलंब जमा करावे आणि हवे असल्यास स्वतःच्या नावाचा परवाना मागावा.

ज्यांच्या घरी शस्त्र नाही त्यांनी विचारायला शिकावे. मूल खेळायला पाठवताना आपण विचारतो, ‘तुमच्याकडे कुत्रा आहे का हो? बांधलेला असतो ना?’ त्यात कोणाला अपमान वाटत नाही. मग बंदुकीबद्दल विचारण्यात लाज कसली? वर्गात एखादे मूल ‘आमच्या पप्पांचे पिस्तूल मी हातात घेतले’ असे फुशारकीने सांगत असेल, तर गुरुजींनी ते बालिश बडबड म्हणून सोडून देऊ नये; आधी घरी बोलावे, आणि घरचे ऐकत नसतील तर १०९८ या मुलांच्या मदत क्रमांकावर कळवावे. तिथून जिल्ह्याच्या बाल संरक्षण कक्षाला आणि समितीला कळते. पोलीस ठाण्यात सांगताना मुलाचा उल्लेख करावा, आणि समितीला सांगताना परवान्याचा. एवढे केले की बेलापूर आणि रायगड यांच्यातली ती फट बुजते.

बंधुभगिनींनो, न्यायालयात पोहोचलेले प्रत्येक मूल हे आधी कुठल्यातरी आळीत, कुठल्यातरी जिन्यात, कुठल्यातरी वर्गात आपल्या समोरून गेलेले असते. कायदा उशिरा येतो असे आपण म्हणतो. पण त्याला बोलावणारा माणूस वेळेवर बोलावतो का, हेही विचारले पाहिजे. समितीला कान आहेत, पण भिंतीपलीकडचे ऐकू येण्याइतके लांब नाहीत. त्या भिंतीच्या अलीकडे आपण राहतो. एक प्रश्न विचारायला लागतो तो अर्धा मिनिटाचा संकोच. आणि तो संकोच जिंकण्यासाठी कोणत्याही परवान्याची गरज नाही.